बिनचवीचं पाणी

नंदुरबार जिल्ह्यात पाण्यावरून गाव ओळखावं. प्रकाशाला तापी रुंद आणि सुस्त. अक्राणीच्या पाड्यांवर उन्हाळ्यात झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरायचा. मणिबेलीकडे सरदार सरोवराचं पाणी इतकं पसरलेलं, की दवाखानासुद्धा तरंगत येतो.

यातलं एक पाणी मात्र बिनगावाचं, बिनचवीचं. आरोग्य केंद्राच्या कपाटात ते खोक्यात पडून असतं. दहा मिलीची प्लॅस्टिकची कुपी, मान मुरगळली की उघडणारी. वर छापलेलं 'स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन्स', पण सगळे म्हणतात डिस्टिल वॉटर. बॅटरीत घालायचं तेही डिस्टिल वॉटरच. नावाने चुलत भाऊ, सोवळ्यात फार मागे.

पावसाळ्यात त्याला बोलावणं येतं. निंदणीला वाकलेल्या कुणाला घोणस डसते, बांबूच्या झोळीतून माणूस रस्त्यापर्यंत येतो, पुढे जीप. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, बहुधा कोरड्या पावडरीच्या रूपात असतं. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या मुलखात हे सोयीचं, कारण पावडरीचं फ्रिजवाचून अडत नाही. पाण्यावाचून अडतं. एका बाटलीला दहा मिली. सुरुवातीलाच साधारण दहा बाटल्या. म्हणजे दहा माना मुरगळायच्या. आणि घाई चालत नाही. बाटली खळखळवली तर फेस होतो, म्हणून सिस्टर ती तळव्यांत हलकेच फिरवत राहते. "ताई, जोरात हलवा ना!" नातेवाइकाचा जीव खालीवर. ताई फिरवतच राहते.

मग झिऱ्याचं पाणी उकळून का नाही चालत? उकळून जंतू मरतात, त्यांची मढी जात नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंजेक्शननंतर थंडीताप भरायचा आणि औषधाला बोल लागायचा. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्टने 1923 च्या सुमारास दाखवलं, की दोष पाण्याचा: ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर उडालेले बारीक थेंब जंतूंचे ताप आणणारे अंश पलीकडे नेतात. तिने ते थेंब अडवणारी रचना केली. या कुपीचं कूळ तिथलं.

इतकं निर्मळ, म्हणून निरुपद्रवी समजू नये. नुसतंच शिरेत भरपूर सोडलं, तर तांबड्या पेशी फुगून फुटतात. दुसऱ्याला विरघळवण्यापुरतंच त्याचं सौजन्य.

त्याचा खरा दोष चेहऱ्याचा. तो कुणासारखाही दिसतो. पोटॅशियम क्लोराइडही दहा मिलीच्या कुपीत, तसंच नितळ. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. 2014 मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये गोवराच्या लशीत पाण्याऐवजी स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं आणि मुलं दगावली. म्हणून जुनी सिस्टर कुपी उचलली की लेबल मोठ्याने वाचते, शंभरदा पाहिलेली असली तरी. उघडून उरलेलं पाणी ती उद्यासाठी ठेवत नाही. त्यात टिकाऊपणाचं औषध नसतं, हवा लागली की सोवळं संपलं.

रात्री अडीचला सलाईन थेंबथेंब चालू. ट्रेमध्ये दहा मुरगळलेल्या माना. नातेवाईक प्यायला पाणी मागतो. सिस्टर व्हरांड्यातल्या माठाकडे बोट दाखवते.