आठवण कुणाची?

मलाला युसुफझाईचे आत्मकथन आम्ही काही वर्षे वर्गात शिकवले. प्रत्येक वेळी आमचे व्याख्यान ९ ऑक्टोबर २०१२ या दिवसापासून सुरू होई: स्वात खोऱ्यातले मिंगोरा, शाळेतून परतणाऱ्या मुलींची गाडी, 'मलाला कोण?' असे विचारणारा बंदूकधारी. वर्ग स्तब्ध होई आणि आम्हांला ती स्तब्धता आवडे, हे आज कबूल करताना संकोच वाटतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, ''हे तिला स्वतःला आठवते का?''

आठवत नव्हते. गोळी लागल्याचा क्षण तिला मैत्रिणींकडून कळला. ती शुद्धीवर आली बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात. आईवडील अजून पोहोचले नव्हते, पण जग तिला ओळखू लागले होते. स्वतःच्या स्मृतीत नसलेल्या घटनेची ती नायिका झाली होती.

तिची नावेही अशीच इतरांनी दिलेली. वडिलांनी ठेवलेले 'मलाला' हे नाव १८८० साली मैवंदच्या लढाईत मरण पावलेल्या मलालाईचे. २००९ साली बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहिताना घेतलेले 'गुल मकई' हे टोपणनाव एका पत्रकाराने सुचवलेले. २०१४ साली, सतराव्या वर्षी, नोबेल मिळाले आणि 'मुलींच्या शिक्षणाचा चेहरा' हे तिसरे नाव चिकटले. चेहऱ्याची एक बाजू तेव्हा नीट हलतही नव्हती.

मेंदूला सूज आल्यावर शल्यविशारदांनी तिच्या कवटीचा एक तुकडा काढून पोटाच्या त्वचेखाली जपला होता. पुढे त्या जागी टायटॅनियमची पट्टी बसली. ते हाड आपल्या पुस्तकांच्या फळीवर असते, असे तिने २०२१ साली लिहिले. त्या ऑगस्टमध्ये, तालिबान काबूलमध्ये शिरत असताना, ती बॉस्टनमध्ये चेहऱ्याच्या आणखी एका शस्त्रक्रियेतून सावरत होती, आणि तेव्हाच तिने बसमध्ये शेजारी बसलेल्या मैत्रिणीला फोन करून पुन्हा विचारले: त्या दिवशी नेमके काय झाले?

२०२५ च्या 'फाइंडिंग माय वे'मध्ये तिने ऑक्सफर्डमधली एक रात्र सांगितली आहे. मित्रमंडळींसोबत गांजा ओढला आणि हरवलेला मानलेला तो प्रसंग अंगावर चालून आला. मग धास्ती, जागरणे, अखेर समुपदेशन. बरे होणे आणि इतरांसाठी बोलणे हे आम्ही एकामागून एक येणारे टप्पे समजत होतो. येथे दोन्ही एकाच वेळी चालले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये जोहान्सबर्ग येथे, म्हणजे वर्णभेद सोसलेल्या भूमीवर, तिने अफगाण मुलींवरील शिक्षणबंदीला 'जेंडर अपार्थाइड' म्हटले. हा शब्द नेमका कोठे उच्चारावा, याची तिची जाण आम्हांला लेखिकेची वाटते.

यंदा आम्ही व्याख्यान त्या फळीपासून सुरू केले. वर्ग स्तब्ध झाला नाही. प्रश्न इतके आले की तास अपुरा पडला.