गाळलेला ‘जर’

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. (माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी वाचत असेल तर अजून आठवत असतील अशी आशा!) ‘पाऊस पडला’ हा स्वार्थ, म्हणजे नुसतं घडलेलं सांगणं. ‘पाऊस पडला असता तर भात चांगला आला असता’ हा संकेतार्थ. यात एक अट असते. ती पुरी झाली तरच पुढचं घडणार. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न, मुलं तो हमखास चुकवायची.

हल्ली संगणकाविषयीचे मथळे वाचताना मला हा दोन गुणांचा प्रश्न फार आठवतो. ‘तुमचा लॅपटॉपच करतोय तुमची हेरगिरी!’, ‘कोट्यवधी संगणक हॅकर्सच्या हाती!’ अशा धाटणीचे मथळे तुम्हीही वाचत असाल. खालचा मजकूर नीट वाचला की कळतं, ज्याने तो दोष शोधून काढला त्याने सगळं संकेतार्थात लिहिलेलं असतं. जर चोर त्याच वायफायवर असेल, जर त्याने आधीच आत शिरकाव केला असेल, तर अमुक होऊ शकेल. मथळ्यापर्यंत येता येता हा ‘जर’ गळून पडतो आणि उरतो नुसता स्वार्थ. झालं! गेलं! लुटलं!

लॅपटॉपमध्ये कंपनीनेच घालून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे वारंवार झालंय, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

नवा लॅपटॉप घरी येतो तो रिकामा नसतो. विंडोज असतं हे आपल्याला माहीत असतं. पण त्याखेरीज कंपनीची पाच-दहा सॉफ्टवेअर आधीच भरलेली असतात. एक अपडेट आणणारं, एक बिघाड शोधणारं, एक महिनाभर फुकट चालून मग पैसे मागणारं अँटिव्हायरस, एखादा खेळ. आम्हा मुळशीकरांना हे समजायला सोपं आहे. धरणाच्या काठाने पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले झालेत. मालक येणार शनिवार-रविवारी, एरवी किल्ल्या केअरटेकरकडे. केअरटेकर बहुधा भला माणूस असतो. पण तो किल्ल्या कुठे ठेवतो, ‘साहेबांनी पाठवलंय’ म्हणत कोणी आलं तर चौकशी करतो का, हे मालकाला ठाऊक नसतं. लॅपटॉपमधलं हे सॉफ्टवेअर म्हणजे असा केअरटेकर. फरक इतकाच, की हा आपण नेमलेला नाही. घराबरोबर आलेला आहे.

पहिली मोठी गोष्ट फेब्रुवारी २०१५ ची. लेनोवो कंपनीच्या घरगुती वापराच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ कंपनीचं एक सॉफ्टवेअर घातलेलं आढळलं. त्याचं काम काय, तर आपण इंटरनेटवर एखादी वस्तू बघत असलो की तिच्यासारख्या वस्तूंच्या जाहिराती दाखवायच्या. आता बँकेचं किंवा दुकानाचं पान उघडलं की कुलपाचं चिन्ह दिसतं, म्हणजे पाकीट मोहोरबंद आहे, वाटेत कोणी वाचू शकत नाही. मग या सॉफ्टवेअरने जाहिरात आत घालायची कशी? तर लॅपटॉपमध्येच बसून पाकीट फोडायचं, आत जाहिरात सरकवायची आणि स्वतःच्या मोहोरेने पुन्हा बंद करायचं. ‘ही मोहोर खरी मान’ असं लॅपटॉपला कारखान्यातच सांगून ठेवलेलं! त्यातही कहर म्हणजे अशा सगळ्या लॅपटॉपना मोहोर एकच. रॉबर्ट ग्रॅहम नावाच्या तज्ज्ञाने तिचा पासवर्ड काही तासांत शोधून काढला. तो होता ‘कोमोडिया’, म्हणजे तो भाग बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. एखाद्या हॉटेलच्या फुकट वायफायवर शेजारी बसलेला चोर बँकेचं खोटं पान दाखवू शकला असता, आणि कुलूप तसंच दिसलं असतं. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी मोहोर मागे राहायची. कंपनी आधी म्हणाली, काळजीचं कारण दिसत नाही. मग दिलगिरी व्यक्त केली आणि ते समूळ काढायचं साधन दिलं. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी आणि ३२ राज्यांशी तडजोड झाली, त्यात ३५ लाख डॉलर भरावे लागले.

इथे मथळे ओरडले ते योग्यच होतं. फक्त ‘लेनोवो’ एवढंच वाचून थिंकपॅडवाल्यांचीही झोप उडाली, त्यांच्यात ते सॉफ्टवेअर नव्हतंच. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात डेलच्या लॅपटॉपमध्येही अशीच सगळ्यांना सारखी असलेली मोहोर सापडली. उद्देश जाहिरातीचा नव्हता, ग्राहकाला मदत करताना त्याचा संगणक पटकन ओळखता यावा एवढाच होता. उद्देश चांगला, पण किल्ली पायपुसण्याखाली!

आता दुसरी जोडी बघा. मे २०१७ मध्ये एका स्विस कंपनीने दाखवून दिलं की एचपीच्या काही लॅपटॉपमधला आवाजाचा ड्रायव्हर आपण दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. पासवर्डसुद्धा! कारण ऐकाल तर हसाल. माइक बंद-चालू करायची कळ दाबली का, एवढंच त्याला बघायचं होतं. चाचणीसाठी केलेली ही सोय प्रोग्रॅमरने मागे तशीच सोडली. ती फाइल कुठे पाठवली जात नव्हती आणि पुन्हा लॉगइन केलं की पुसली जायची, पण तोवर तो लॅपटॉप हाताळणाऱ्या कोणालाही वाचता आली असती. मग डिसेंबरमध्ये पुन्हा एचपीच्याच सुमारे ४६० मॉडेल्समध्ये, टचपॅडच्या ड्रायव्हरमध्ये, तशीच कळा नोंदवायची सोय सापडली. पण ही मुळात बंद होती आणि चालू करायला प्रशासकाचे अधिकार लागत होते. म्हणजे चोर आधीच घरात शिरून तिजोरीपाशी उभा असेल तरच.

दोन्ही वेळचे मथळे जवळपास सारखे होते, ‘एचपीच्या लॅपटॉपमध्ये की-लॉगर’. उलट ४६० हा आकडा मोठा म्हणून दुसऱ्याचा गाजावाजा मोठा. मला तपासायला दिले असते तर धोक्याचे म्हणून पहिल्याला शंभरात साठ आणि दुसऱ्याला पंधरा गुण दिले असते. मथळ्यात दोघांचा पहिला नंबर.

यावरून ‘म्हणजे सगळी नुसती बोंबाबोंब’ असं कोणी म्हणेल, तर तेही खरं नाही. मे २०२१ मध्ये डेलच्या एका ड्रायव्हरमध्ये २००९ पासून असलेले दोष जाहीर झाले, आणि कोट्यवधी संगणक धोक्यात असल्याचे मथळे आले. त्यातही ‘जर’ होताच. चोर दुसऱ्या मार्गाने आत आलेला असेल तरच त्याला या दोषाचा उपयोग. त्या दिवशी कुठे गैरवापर झाल्याचा पुरावा नव्हता. जाणत्या लोकांनी खांदे उडवले. पण त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, उत्तर कोरियाशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘लॅझरस’ टोळीने नेदरलँड्समधल्या विमान-उद्योगातल्या एका कर्मचाऱ्याला आणि बेल्जियममधल्या एका राजकीय पत्रकाराला नोकरीच्या खोट्या देकाराची कागदपत्रं पाठवली. त्यातून आत शिरल्यावर हाच दोष वापरून संगणकावरचे पहारेकरी आंधळे केले. ‘इसेट’ या कंपनीने २०२२ मध्ये हे उघड केलं. गंमत म्हणजे तो सदोष ड्रायव्हर टोळीने स्वतःच सोबत आणला होता. मथळा ज्या दाराकडे बोट दाखवत होता तिथून चोर आलाच नाही. पण आला. ‘जर’ गाळणं जसं खोटं, तसं ‘जर आहे ना, मग काही नाही’ म्हणणंही खोटं.

हा रोग काही लॅपटॉपपुरता नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि ती वीज मुंबईला जाते, त्यामुळे इथे त्या बातमीची चर्चा जरा जास्तच झाली. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक बातमी आली. भारताच्या वीजयंत्रणेत चीनशी संबंधित घातक सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्याचा तो अभ्यास होता. आपल्याकडे लगेच झालं, ‘मुंबई चीननेच अंधारात बुडवली’. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच म्हटलं होतं की त्या दिवसाच्या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता सांगितली, केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले मानवी चूक. मग कोण खरं यावर वाद रंगला आणि मूळ मुद्दा, यंत्रणेत सापडलेल्या खुणांचं काय केलं, तो बाजूलाच पडला.

‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती खोटं बोलू नये म्हणून. माझ्या मते त्यातला शहाणपणा ऐकणाऱ्यांसाठी जास्त आहे. शेवटी लांडगा खराच येतो, आणि मेंढरं जातात.

माझ्या ओळखीतच याचे दोन नमुने आहेत. एक गृहस्थ असे मथळे वाचून इतके धास्तावले की बँकेचं एकही काम घरून करत नाहीत. पासबुक भरायलाही एस.टी.ने पौडला जातात, गुडघे दुखत असताना. दुसरे अगदी उलट. अपडेटची पाटी आली की ‘नंतर’वर बोट. म्हणतात, “सर, रोजचंच आहे हो त्यांचं.” एकाला भीतीने पांगळं केलं, दुसऱ्याला बधिर. भोक दोघांच्याही लॅपटॉपमध्ये तसंच.

आणि तिसरा नमुना मला सगळ्यात जास्त खुपतो. आमच्या शेजारच्या वहिनींच्या पडद्यावर एक दिवस लाल पाटी आली. भोंग्यासारखा आवाज आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’. त्यांनी केला. पलीकडचा माणूस फार अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने एक सॉफ्टवेअर उतरवायला सांगितलं, म्हणजे त्याला तिथून यांचा संगणक चालवता आला असता. सूनबाईने येऊन वायफायच बंद केलं म्हणून निभावलं. वहिनी काही भोळ्या नाहीत, हिशेबाला पक्क्या आहेत. पण वर्षानुवर्षं ‘तुमचा संगणक हॅक!’ वाचून ती भीती मनात मुरलेली होती. ठगाला फक्त काडी लावायची होती. आपली भीती हे त्याचं भांडवल आहे, आणि ते त्याला फुकट मिळतं. (पैसे गेलेच तर १९३० क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितकं लवकर तितकं बरं.)

मग मथळा वाचल्यावर करायचं काय? मी स्वतःला चार प्रश्न विचारतो.

एक, नेमकं कोणतं मॉडेल, कोणतं सॉफ्टवेअर? माझ्याकडे ते आहे का?
दोन, चोराला ते वापरायला आधी काय जमलेलं असावं लागतं? लांबून जमतं, त्याच वायफायवर असावं लागतं, की आधीच आत असावं लागतं?
तीन, माहिती ‘गेली’ असं म्हटलंय, की ‘जाऊ शकते’ असं?
चार, दुरुस्ती आली आहे का?

चौथ्याचं उत्तर पुष्कळदा ‘हो’ असतं, कारण शोधणारे बहुतेक वेळा आधी कंपनीला कळवतात आणि दुरुस्ती तयार झाल्यावर जाहीर करतात. मथळ्यात एवढी एकच गोष्ट कामाची असते, आणि तीच शेवटच्या परिच्छेदात लपलेली असते.

घरातल्या भाचे-पुतण्यांनो, नवा लॅपटॉप घ्याल तेव्हा पहिल्या रविवारी अर्धा तास काढा. आधीपासून भरलेल्या सॉफ्टवेअरची यादी उघडा. खेळ, जाहिराती, मुदत संपणारी चाचणी-सॉफ्टवेअर, जे नको ते काढा. पण सरसकट सगळ्या केअरटेकरांना हाकलू नका. अपडेट आणणारा ठेवायचा असेल तर त्यालाही अद्ययावत ठेवा, दुरुस्तीही पुष्कळदा त्याच्याच हातून येते. विंडोजचं अपडेट लांबवू नका. आणि आईवडिलांच्या लॅपटॉपचंही हेच करा. ते विचारणार नाहीत, त्यांना वाटतं तुम्हाला वेळ नाही.

‘जर’ हा शब्द मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच. जे घडून गेलं त्यापुढे माणूस हतबल असतो. पण अट असेल तर ती मोडता येते. जुनं सॉफ्टवेअर काढलं, अपडेट केलं, अनोळखी क्रमांकावर फोन केला नाही, की चोराचा एकेक ‘जर’ कमी होतो. मथळा लिहिणारा तो शब्द गाळतो तेव्हा आपल्या हातात जेवढं होतं तेवढंच नेमकं गाळतो. तो शब्द मजकुरात शोधून परत जागेवर बसवणं हे वाचणाऱ्याचं काम.

असो. बराच लांबला लेख. विंडोजची पाटी मघापासून थांबली आहे, तिला ‘आत्ता’ म्हणतो आणि उठतो.