आत्याबाईंची ‘मुक्तामाला’

झरी जामणीस आमच्या आत्याबाई दुपारची निजानीज झाली म्हणजे ओसरीवर ‘मुक्तामाला’ घेऊन बसत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ही १८६१ सालची कादंबरी. संकटांमागून संकटे, आणि शेवट गोड! इंग्रजी वाङ्मयाची पदवी नुकतीच पदरी पडल्यामुळे आम्हांस असल्या अद्भुताचा मोठा तिटकारा. तत्पूर्वीच, १८५७ त, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त विधवांची दुःखे वेशीवर टांगली होती, परंतु लेखक दीर्घकाळ रमले ते हळब्यांच्याच वाटेवर.

आत्याबाईंची अभिरुची सुधारावी म्हणून (केवढा हा आमचा अधिकार!) आम्ही हरिभाऊ आपट्यांची, १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आलेली, ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांस नेऊन दिली. आठ दिवसांनी ती परत आली. यमूच्या वैधव्यापाशी खुणेचा दोरा तसाच होता.

“पुढचे वाचले नाहीत?”

“ते मला ठाऊक आहे रे बाळ. त्या दुसऱ्या पुस्तकात शेवटी दोघांची भेट होते.”

आत्याबाईंस विसाव्या वर्षी वैधव्य आले होते, हे आम्हांस त्या क्षणापर्यंत आठवलेही नव्हते. वर्गात ‘मुक्तामाले’वर आम्ही हसत असू, पुढील सत्रापासून ते बंद झाले.