रागाची मतं

परभणी, फेब्रुवारी २०२५

चि. बाळास,

पुरोगामी परभणी कुठं गेली, असं विचारतोस. इथंच आहे, तिच्या दारात जायचं आपण सोडलं. १९५२ला इथून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नारायणराव वाघमारे लोकसभेत गेले, १९७७ला शेकापचेच शेषराव देशमुख. पुढं १९८९पासून, एक १९९८ सोडलं तर, खासदार शिवसेनेचा नाहीतर तिच्या पाठिंब्याचा. ‘खान की बाण’, म्हणजे मुसलमान की शिवसेना, या तीन शब्दांत निवडणूक आटपायची. आपण पुरोगाम्यांनी उत्तरादाखल शिबिरं भरवली, ठराव केले. गावातली विजेची डीपी जळाली की मात्र लोक शिवसेनेच्या शाखाप्रमुखाकडं जायचे, कारण तो घरी सापडायचा. हे कबूल करायला मला तीस वर्षं लागली.

२०१९ला शिवसेनेचे संजय जाधव बेचाळीस हजारांनी आले, तेव्हा वंचित बहुजन आघाडीला दीड लाखाच्या आसपास मतं होती. २०२४ला तेच जाधव ठाकरे गटाची मशाल घेऊन उभे राहिले, आणि बाणाला भिणाऱ्या मुस्लिम मोहल्ल्यांनीच त्यांना तारलं! वंचितचे, हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाब डख लाखाच्या जवळ गेले, तरी महायुतीचे महादेव जानकर सव्वा लाखाहून जास्त मतांनी पडले. आपण पेढे वाटले. भाजपवाले घटना बदलतील ही धास्ती, सोयाबीनचा पडलेला भाव, मराठा आरक्षणाचा संताप. रागाची मतं होती ती, आपण विचाराची समजलो. पाच महिन्यांनी जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चार जागांपैकी परभणीची तेवढी महाविकास आघाडीकडं राहिली.

‘बायकांची मतं लाडकी बहीण योजनेच्या पंधराशेला विकत घेतली’ असं तू लिहितोस. हे वाक्य इथं येऊन बोलू नकोस. आमच्या गल्लीतली कापूस वेचायला जाणारी बाई म्हणाली, “माझ्या नावावर पहिल्यांदाच काही आलं.” यावर आपल्याकडं काय होतं? तीन हजारांचं आश्वासन. म्हणजे वही महायुतीचीच, आकडा तेवढा दुप्पट. तिची मजुरी, पोरीची एसटी, सावकाराचं व्याज, यावर आपण वर्षभर बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती.

मग १० डिसेंबर २०२४. बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, धरपकड. १५ तारखेला, त्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. राहुल गांधीही येऊन गेले. नेत्यांनी यावंच. पण धरलेल्या पोरांच्या जामिनासाठी कोर्टाच्या आवारात आपल्यातलं कोण ताटकळलं, ते विचारू नकोस. मी एकच दिवस गेलो. संविधान वाचवा म्हणून मतं मागणाऱ्यांत मीही होतो.

जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ला झाली होती. पुढच्या निवडणुकीआधी ये, आठ दिवस काढून. मागच्यासारखा प्रचाराच्या शेवटच्या रविवारी नको.

तुझा,
मामा