निळ्या जोडीची तार

आमच्या संगणक कक्षात काही बिघडलं की पोरं एवढंच सांगतात, “सर, चालू नाही होऊन राहिला.” नेमकं अडलं कुठे, ते शोधणं माझ्याकडे. मी पवनी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि कक्ष सांभाळतो. या कक्षातल्या पंधरा संगणकांपैकी एकातही हार्डडिस्क नाही.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. पाणी आमच्यापर्यंत पोचलं नाही, पण बंद खोलीला ओल धरली आणि उंदरांचं फावलं. खोली उघडली तेव्हा बऱ्याचशा हार्डडिस्कनी मान टाकलेली. ज्या चालत होत्या त्यांच्यावर विंडोज 7, आणि त्याची मुदत 14 जानेवारी 2020 लाच संपलेली. मॉनिटर, प्रोसेसर, दोन जीबी रॅम मात्र शाबूत होती. ही यंत्रं भंगारात घालायला मन धजेना.

अशा यंत्रांसाठी ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’, म्हणजे एलटीएसपी, हा चांगला मार्ग आहे. अमेरिकेत जिम मॅक्किलन यांनी तो सुरू केला. 2019 मध्ये ग्रीसमधल्या अल्किस जॉर्जोपुलोस यांनी तो मुळापासून नव्याने लिहिला. पूर्वी सगळा हिशेब सर्व्हर करायचा आणि पोरांपुढचं यंत्र फक्त पडदा दाखवायचं. आता यंत्र स्वतःच्या प्रोसेसरवर चालतं, पण त्याची सगळी प्रणाली नेटवर्कवरून येते. आम्ही एक बरा संगणक सर्व्हर केला, त्यावर उबंटू मेट टाकली आणि बाकीच्यांची जोडणी स्विचला केली. विंडोज एकेका यंत्रावर टाकत बसण्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत. इथे एकदा टाकलं की सगळीकडे पोचतं.

पण ते पोचतं कसं, हे समजून घेतल्याशिवाय हा कारभार कुणी अंगावर घेऊ नये. बटण दाबलं की नेटवर्क कार्ड आधी पत्ता मागतं. तो देणारा डीएचसीपी. मग कुठली फाइल उचलायची ते कळतं, टीएफटीपीवरून ती फाइल येते, मागोमाग कर्नल येतो आणि शेवटी एनएफएसवरून सगळी प्रणाली जोडली जाते. हा क्रम पाठ असला की काळ्या पडद्यावरची एक ओळ पुरते. ‘पीएक्सई-ई61’ दिसलं तर केबल बघा. ‘ई51’ म्हणजे पत्ता देणारं कुणी भेटलं नाही. ‘ई53’ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलीचं नाव नाही मिळालं. ‘ई32’ म्हणजे नाव मिळालं, पण टीएफटीपीकडून उत्तर आलं नाही. मी हे चार आकडे मराठी अर्थासकट कागदावर लिहून भिंतीला लावले. आता नववीची पोरं मला हाक मारण्याआधी तो कागद बघतात.

ई53 एकदा सगळ्या यंत्रांवर एकदम आला. कार्यालयातला इंटरनेटचा राउटर आदल्या दिवशी बदलला होता. जुना राउटर 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटायचा, नवा 192.168.0 ने. पत्ता राउटरने द्यायचा आणि फाइलीचं नाव आमच्या सर्व्हरने, अशी वाटणी होती. सर्व्हर जुन्याच पत्त्यांकडे कान लावून बसलेला. फाइलीत एक आकडा बदलून काम भागलं असतं, पण राउटर पुन्हा बदलला की पुन्हा तेच. नागपूरला सीताबर्डीवरून दुसरं नेटवर्क कार्ड आणलं आणि सर्व्हरमध्ये बसवलं. एक कार्ड राउटरकडे, दुसरं कक्षाकडे, आणि कक्षाचा पत्ता 192.168.67.1. तेव्हापासून कार्यालयात काहीही बदललं तरी कक्षाला त्याची झळ लागत नाही. दोन कार्डांची ही मांडणी मी कुठल्याही शाळेला आधी सुचवीन.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका केबलने. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळी यंत्रं सुरू व्हायची, पण रांगत. एकटं यंत्र लावलं तर ठीक. पूर्ण वर्ग बसला की लॉगिनचा पडदा येईपर्यंत अर्धी तासिका संपायची. एका ओळखीच्या विक्रेत्याने नवा सर्व्हर घ्या म्हणून सांगितलं. मी आधी सर्व्हरलाच विचारलं. ‘इथटूल’ ही आज्ञा दिली की कार्डाचा वेग कळतो. हवा होता 1000, दिसला 100. जी नळी सगळ्या वर्गाला पुरवते, तीच दहापट अरुंद झाली होती.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभराच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. निळी जोडी तुटली तरी दिवा लागतो, पत्ता मिळतो, काम चालतं, त्यामुळे तुटलेलं कळतच नाही. केबल टेस्टर लावला आणि नववीतल्या एका मुलीला दिवे वाचायला सांगितलं. “एक, दोन, तीन... सर, चार अन् पाच नाही लागून राहिले.” चार आणि पाच म्हणजे निळी जोडी. केबल हातात धरून चालत गेलो. दाराच्या चौकटीपाशी तिला दाबलेल्याची खूण होती, दार आपटून आपटून पडलेली. नवी केबल दाराच्या वरून पट्टीत बसवली. टोकाला आरजे-45 लावताना तारांचा क्रम त्या मुलीनेच मोठ्याने म्हटला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आकडा 1000 वर आला आणि पूर्ण वर्ग एकदम सुरू झाला. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही.

आमच्याकडे लाईट जाते, पावसाळ्यात तर फारच. सर्व्हर यूपीएसवर ठेवून भागत नाही, स्विचही त्यावरच हवा. जुन्या यंत्रांची आणखी एक खोड आहे. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलेला असेल तर लाईट गेली की यंत्र तारीख विसरतं आणि नेटवर्कवरून सुरू व्हायचंही विसरतं. नसलेली डिस्क शोधत बसतं. तारीख चुकली की ब्राउझर कुठलीही साइट सुरक्षित नाही म्हणतो. सगळे सेल एकदमच बदलून टाकले. एवढ्या कमी पैशात एवढी कटकट दुसऱ्या कशाने गेली नसेल.

मराठीचं काम माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड, देवनागरी फाँट, लिबरऑफिसचे मराठी मेनू हे सर्व्हरवर बसवलं तरी पोरांच्या पडद्यावर लगेच दिसत नाही. ‘एलटीएसपी इमेज’ ही आज्ञा देऊन प्रणालीची नवी प्रत काढावी लागते. नवा विद्यार्थी जोडला तर ‘एलटीएसपी इनिटआरडी’. त्यानंतर सहावीतली पोरं स्वतःच्या गावाचं नाव मराठीत टाइप करतात, ती फाइल सर्व्हरवर राहते आणि उद्या कुठल्याही यंत्रावर बसलं तरी तीच उघडते. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना ही केवढी मोठी सोय आहे, ते वर्गात उभं राहिल्यावर दिसतं.

एक सर्व्हर बसला की सगळा वर्ग बसतो, हा या पद्धतीचा खरा धोका. म्हणून दर शनिवारी पोरांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरतात. सर्व्हरचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. गणिताच्या मॅडम माझ्याशिवाय इमेज काढायला शिकल्या आहेत, आणि मे महिन्यात त्या सर्व्हर कोऱ्या डिस्कवरून पुन्हा उभा करून बघणार आहेत. मी तेव्हा शाळेत नसेन, असं आम्ही ठरवूनच ठेवलं आहे.