जरा हात लावा

घरीं आलेल्या पाहुण्यास कसल्याही कामाला हात लावूं द्यावयाचा नाहीं, हा आपल्या घरांतून चालत आलेला शिष्टाचार आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि; यजमानानें त्याच्यापुढें ताट वाढावें आणि त्यानें तृप्त व्हावें, एवढाच उभयतांचा धर्म अशी आपली समजूत. हा शिष्टाचार सुंदर आहे याविषयीं वाद नाहीं. परंतु स्नेह्याच्या घरीं चार दिवस राहावयाचें झाल्यास तेवढा पुरतो काय, असा प्रश्न आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत पुण्यास पडला. त्याविषयीं जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे एक जुने सहाध्यायी सदाशिव पेठेंत राहतात. मुलें परदेशीं, घरांत तीं दोघेंच. आम्ही गेलों तेव्हां वहिनींचा उजवा हात मनगटाशीं मोडल्यामुळें प्लॅस्टरमध्यें होता, आणि धुणेंभांडीं करणारी बाई गांवीं गेली होती. हें पाहून आम्हीं परत फिरण्याची भाषा काढली. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही यायचे म्हणून हे पंधरा दिवस सिंहगडाचंच बोलताहेत. उद्यां खुशाल जाऊन या. दोघे घरांत बसलात तर मला चहाच जास्त करावा लागेल." दुसऱ्या दिवशीं पहांटेची बस धरून आम्ही गडाच्या पायथ्याशीं उतरलों आणि आतकरवाडीच्या वाटेनें चढूं लागलों.

सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर. आतां वरपर्यंत मोटारीचा रस्ता आहे. तथापि पुष्कळ पुणेकर अजून पायवाटेनेंच चढतात, आणि त्यांत साठी उलटलेले थोडेथोडके नसतात. आमच्या स्नेह्यांचा बाणा असा कीं, कितीही दम लागला तरी पिशवी दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची नाहीं. परंतु वाट मोकळ्या मुरमाची झाली तेव्हां त्यांनीं न बोलतां हात पुढें केला आणि आम्हीं तो धरला. पुढें आमचा पाय डळमळला तेव्हां त्यांनीं आमचा धरला. डोंगरावर हात मागण्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं.

अर्ध्या वाटेवर पायथ्याच्या गांवची एक बाई दह्याच्या मडक्यांची पाटी खालीं ठेवून विसावली होती. आम्हांस पाहून म्हणाली, "बाबा, जरा हात लावा की." स्नेही तत्काळ पुढें झाले. पाटी उचलून तिच्या डोक्यावर चढविली, चुंबळ नीट बसली कीं नाहीं तेंही पाहिलें. ओझें ज्याचें त्यानेंच वाहावयाचें असतें. परंतु तें उचलतांना दुसऱ्याचा हात लागतो, हा केवढा व्यवहार त्या दोन साध्या शब्दांत सांठविलेला आहे!

गडावर देवटाक्याचें गार पाणी प्यालों. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे येथें पडले आणि त्यांच्या भावानें, सूर्याजींनीं, लढाई पुढें चालविली, तें स्मरून समाधीपुढें हात जोडले. मग पिठलें-भाकरी खाऊन लोकमान्यांच्या बंगल्याजवळ सावलींत बसलों. महात्मा गांधीही या गडावर येऊन गेलेले. त्यावरून स्नेह्यांनीं १९१५ सालची शांतिनिकेतनांतील हकीकत रंगवून सांगितली. गांधीजी तेथें पाहुणेच होते. पण त्यांनीं शिक्षकांस व विद्यार्थ्यांस स्वयंपाक आणि झाडलोट आपली आपण करावी असें सुचविलें. आपले काका कालेलकर त्या वेळीं तेथें होते, तेही या उद्योगांत सामील झाले. प्रयोग फार काळ टिकला नाहीं. परंतु त्याची आठवण म्हणून १० मार्च हा दिवस तेथें 'गांधी पुण्याह' या नांवानें पाळला जाऊं लागला आणि त्या दिवशीं नोकरांस सुटी देऊन गुरुशिष्यांनीं तीं कामें करावयाचीं असा प्रघात पडला. "पाहुणा असावा तर असा!" असें म्हणून स्नेह्यांनीं मांडीवर थाप मारली.

चार वाजतां घरीं पोहोंचलों. स्नेही आरामखुर्चींत टेकले, आणि वहिनींनीं डाव्या हातानें केलेला चहा घेत त्यांनीं दहीवाल्या बाईची गोष्ट कौतुकानें सांगितली. चहा झाला. मोरींत सकाळचीं भांडीं तशींच पडलेलीं दिसलीं, तेव्हां आम्हीं उठून कोपऱ्यांतील केरसुणी उचलली.

"अहो भावजी, हें काय? पाहुण्यानं का केर काढायचा?" वहिनी कासावीस झाल्या.

स्नेही तर ताडकन् उठले. "अरे, माझ्या घरांत तूं केरसुणी धरणार? शेजारचे पाहतील तर काय म्हणतील?"

"मग तूं धर," आम्हीं म्हटलें.

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "शेजारच्यांनीं पाहूं नये म्हणून तर मी रोज चारला उठून डाव्या हातानं केर काढून टाकते. आज तुमच्या डब्याच्या गडबडींत राहून गेला."

"मला एकदां सांगायचं तरी!" स्नेही म्हणाले.

"'जरा हात लावा' असं परक्याला म्हणणं सोपं असतं हो. घरांत नाहीं म्हणवत."

स्नेह्यांनीं आमच्या हातांतून केरसुणी घेतली. त्यांनीं काढलेला अर्धा केर कपाटाखालीं गेला. पण कोणी हंसलें नाहीं. आम्हीं भांडीं घांसलीं, पाणी भरलें, दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. रात्रीं तांदूळ किती वेळां धुवावयाचे तें स्नेह्यांनीं वहिनींस विचारलें, तेव्हां त्या तोंड फिरवून खिडकीशीं जाऊन उभ्या राहिल्या.

यांत कांहीं मोठी सुधारणा झाली असें आमचें म्हणणें नाहीं, आणि ही गोष्ट आपल्या शास्त्राबाहेरची आहे असेंही नाहीं. मनुस्मृतींत चूल, जातें, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा हीं पांच सूना, म्हणजे नकळत जीवहिंसा घडण्याचीं स्थानें, सांगितलीं आहेत. त्या दोषाच्या निरसनासाठीं पांच महायज्ञ विहित आहेत, आणि अतिथिपूजन हा त्यांतीलच एक. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हीं पांचही स्थानें स्मृतीनें गृहस्थाचींच म्हटलीं आहेत. केरसुणीचा दोष ज्याचा, ती केरसुणी हातीं धरण्यांत त्यास लाज कसली? आणि जो स्नेही आहे त्यानें केवळ पूजा घेऊन उठावें, हें तरी कसें शोभेल?

आतां पुष्कळ घरांतून मुलें दूर आहेत आणि मागें वृद्ध जोडपें तेवढें राहिलें आहे. दोघांपैकीं कोणाचा हात आधीं थकेल हें कोणास सांगतां येत नाहीं. म्हणून मागण्याची वाट न पाहतां हात लावण्याची संवय हातपाय धड आहेत तोंवरच लावून घ्यावी, हें उत्तम.