लोणंदमध्ये घर घेताना

लोणंदमध्ये घर घेताना भिंतींआधी वस्ती पाहावी. पुणे-मिरज लोहमार्गावरचे हे स्थानक. फलटणकडचा फाटाही इथूनच निघतो. रोज रेल्वेने जाणाऱ्याला स्टेशनजवळचे घर सोयीचे, पण हलकी झोप असणाऱ्याने तिथे एक रात्र काढूनच निर्णय घ्यावा. शिरवळच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्याने खंडाळा रस्त्याची बाजू पाहावी.

खरी पारख कांद्याच्या हंगामात होते. बाजार समितीकडे ट्रॅक्टरांची रांग लागते, गोण्या उतरतात, वाऱ्यासोबत वाळकी टरफले अंगणात येतात. आडत्याला घर दुकानाजवळ हवेच. दमेकऱ्याला मात्र लांबची वस्तीच बरी. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असते. तेव्हा रस्ते माणसांनी भरतात आणि दारात वारकरी टेकतात. ज्याला ही वर्दळ आपली वाटते, त्याने गावठाणातच राहावे. अशी शेजारसोबत नव्या प्लॉटिंगमध्ये लवकर मिळत नाही.

नव्या प्लॉटचा सातबारा, अकृषिक परवानगी आणि नळाचे पाणी तपासल्याशिवाय इसार देऊ नका.